फिस्टुला, ग्राफ्ट की मानेतली नळी?

डायलिसिस लागणार म्हटलं की घरातले आधी दोनच गोष्टी विचारतात: सेंटर किती लांब, आणि फुले योजनेत बसतं का. आम्हीही परभणीत तेच विचारत फिरलो. रक्त शरीरातून काढायचं कुठून, हे कुणी विचारलंच नाही. आईचं पुढचं सगळं मात्र त्यावरच अवलंबून होतं.

मानेतली नळी त्याच दिवशी वापरता येते, सुया टोचाव्या लागत नाहीत. धाप लागून आलेल्या पेशंटला दुसरा इलाज नसतो. साधी नळी थोड्या दिवसांची, कातडीखालून नेलेली परमकॅथ काही महिने चालते. पण तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. जंतू शिरले की थेट रक्तात. डायलिसिस सुरू होताच हुडहुडी भरून ताप आला, तर आधी नळीवरच संशय घ्या. शिवाय नळीमुळे छातीतल्या शिरा आक्रसू शकतात. मग त्या बाजूच्या हातावर फिस्टुला, म्हणजे धमनी-शिरेचा जोड, केला तरी हात सुजतो. आईचं हेच झालं. 'चाललंय ना नळीवर' म्हणत आम्ही आठ महिने काढले, ही माझी कायमची खंत आहे.

फिस्टुलात मनगटाशी किंवा कोपराशी धमनीला शीर जोडतात. ही पद्धत 1966 पासून आहे आणि अजून तिच्याइतकं टिकाऊ काही नाही. चांगला जमला तर वर्षानुवर्षं चालतो. पिकायला, म्हणजे शीर सुया टोचण्याइतकी जाड व्हायला, दीड ते तीन महिने लागतात. मधुमेह्यांच्या बारीक शिरांत कधी पिकतच नाही, मग कोपरापाशी नव्याने करावा लागतो.

इथे दोन आकड्यांची गल्लत होते. मशीनवर दिसणारा 250 किंवा 300 हा पंपाचा वेग, मिनिटाला मिलीमध्ये. फिस्टुलातून मिनिटाला किती रक्त वाहतं, ते वेगळं. ते साधारण 600 मिलीच्या वर हवं. ते पंपापेक्षा कमी पडलं, तर धुतलेलंच रक्त पुन्हा मशीनमध्ये फिरतं आणि चार तास बसूनही अंग जड राहतं. नळीत गुठळी धरली की पंपाचा वेगच कमी करावा लागतो, तिथेही अंग जडच राहतं. वेग वाढवल्याने फिस्टुला खराब होतो, ही भीती मात्र सोडा.

शिरा अगदीच नसतील तर ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळीचा जोड. दोन-तीन आठवड्यांत वापरता येतो, पण फिस्टुलापेक्षा लवकर बंद पडतो.

आपल्याकडे हात कुठला, हेही महत्त्वाचं. कोयता, विळा उजव्या हातात असतो, म्हणून बहुधा डावा निवडतात. त्या हाताने हंडा उचलायचा नाही, घट्ट बांगड्या नकोत, बीपी आणि सलाईन तर मुळीच नको. मे महिन्यातल्या उन्हात सत्रानंतर बीपी फार उतरलं तर फिस्टुला गोठू शकतो. रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर बघा. थांबली असेल तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनकडे जा.

डॉक्टरांनी 'सहा महिन्यांत लागेल' म्हटलं असेल, तर फिस्टुला आत्ताच करून घ्या. नळी बसलीच असेल, तर डिस्चार्ज घेण्याआधी फिस्टुलाची तारीख मागा.