बबल टिप की कार्पेट? बडोद्यातल्या घरच्या खाऱ्या टँकसाठी पहिला ॲनिमोन निवडताना

ॲनिमोन म्हणजे पायाने तळाला चिकटून राहणारा, वर डंख करणाऱ्या लवचीक हातांचा (टेंटॅकल) पिसारा असलेला समुद्री प्राणी. तो निवडताना आधी त्याच्या पायाचा विचार करा, रंगाचा नंतर. बबल टिप खडकाच्या अरुंद फटीत पाय खुपसतो आणि वरचा पिसारा उजेडात काढतो. दुकानात कार्पेट म्हणून मिळणारा हॅडोनाय मात्र वाळूत उतरतो आणि पाय तळाच्या काचेला किंवा पुरलेल्या दगडाला चिकटवतो. तुमचा टँक खडकांचा की वाळूचा, यावरच अर्धा निर्णय होऊन जातो. दोन सेंटिमीटर वाळू पसरलेल्या टँकमध्ये कार्पेट सोडलात, तर पाय रोवायला त्याला जागाच उरत नाही. त्याला १० ते १५ सेंटिमीटर बारीक वाळू हवी.

जागेचा हिशेबही वेगळा. बबल टिप वाढून ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणून १२० ते १५० लिटरचा टँक त्याला चालतो. कार्पेट अर्धा मीटर आणि त्याहून मोठा पसरतो. ३०० लिटरच्या खाली त्याचा विचारही करू नका. त्यातही टँक उंच असण्यापेक्षा रुंद असलेला बरा. उजेड बबल टिपला १५० ते २५० पार (पीएआर, पाण्यात पोचणारा उपयोगी उजेड मोजायचं एकक) पुरतो, कार्पेटला २५० ते ४०० लागतो. पार मीटर विकत घेण्याची गरज नाही, ओळखीच्या कोणाकडून तासाभरासाठी मागून आणा आणि वाळूच्या पातळीवर मोजा. पाण्याच्या वरच्या थरात मिळालेला आकडा कार्पेटच्या काही कामाचा नाही.

आता मासे. बहुतेकांच्या घरात नारिंगी-पांढरा ऑसिलारिस क्लाऊनफिश असतो. समुद्रात हा मासा यांपैकी एकातही राहत नाही. टँकमध्ये तो बबल टिपला बऱ्याचदा आपलंसं करतो, कधी महिनोन्‌महिने ढुंकूनही बघत नाही. गडद लाल ‘मरून’ क्लाऊनफिश असेल तर बबल टिपच घ्या, निसर्गातही त्याचं घर तेच. कार्पेटचं विष जहाल आणि पकड चिवट असते. तळाशी फिरणारे गोबी, रात्री वाळूजवळ झोपणारे छोटे मासे त्याच्या तोंडी जातात, आणि हा अपघात नव्हे, त्याचं ते रोजचं जेवण आहे. ज्यांच्याकडे आवडीने जमवलेले लहान मासे आहेत त्यांनी कार्पेट घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कुठून आलेला घ्यायचा

बबल टिप स्वतःच दोन भागांत फाटून वाढतो. त्यामुळे कोणाच्या तरी टँकमध्ये वाढलेला, बंदिस्त पाण्याला आणि एलईडी दिव्याला सरावलेला तुकडा मिळू शकतो. कार्पेटचं तसं नाही, तो जवळपास नेहमी समुद्रातून काढलेलाच असतो. काच किंवा दगडावरून ओढून काढताना पाय फाटतो, त्या जखमेत जंतू शिरतात आणि पुढे पंधरा दिवस तो रोज फुगून-आकसून शेवटी विरघळतो. अशा कार्पेटला वेगळ्या टँकमध्ये ठेवून अँटिबायोटिकचे उपचार करावे लागतात. पहिल्यांदाच ॲनिमोन ठेवणाऱ्याला ते झेपणारं नाही.

गुजरातेत राहणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. ओहोटीला नरारा बेटावर फिरताना पायाजवळच्या डबक्यात हॅडोनाय पसरलेला दिसतो आणि बादलीत घालून आणायचा मोह होतो. कच्छच्या आखातातलं ते सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालापासून संरक्षित आहे. तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे. खडक बांधणारी प्रवाळंही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा टँकसाठी सिरॅमिकचा कृत्रिम खडक वापरा. ॲनिमोन जगतो किती, याचा अंदाज हवा असेल तर एडिंबरोच्या ‘ग्रॅनी’ नावाच्या ॲनिमोनचं उदाहरण घ्या: जात वेगळी होती, पण १८२८ मध्ये समुद्रातून आणलेली ती १८८७ पर्यंत जगली.

दुकानात तोंड बघा. ते घट्ट मिटलेलं हवं. बोट हळूच टेकवलं की टेंटॅकल चिकटले पाहिजेत. पांढराफटक ॲनिमोन सुंदर दिसतो, पण त्याच्या शरीरातली शेवाळं गेलेली असतात, म्हणजे तो उपाशी आहे. भडक पिवळा किंवा जांभळा असेल तर रंगात बुडवलेला असण्याची शक्यता मोठी. बबल टिप खडकाच्या तुकड्याला चिकटलेला असेल तर तुकड्यासकट मागा, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

पाणी

दोघांनाही सारखंच: विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २४ ते २७ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भाग) आत, अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८ ते ९ डीकेएच. टँक किमान सहा महिने चाललेला हवा. आजवा तलावाचं असो वा मही नदीचं, नळाचं पाणी थेट वापरू नका. स्वयंपाकघरातला आरओही नको, कारण पाण्याला चव यावी म्हणून तो त्यात थोडे क्षार परत मिसळतो. डीआय (उरलेले क्षारही काढणारी) कार्ट्रिज जोडलेला वेगळा आरओ घ्या आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य आल्याशिवाय मीठ घालू नका. दहा लिटरला साधारण ३७० ग्रॅम मरीन सॉल्ट लागतं. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचा मीटर) ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारा मीटर खाऱ्या पाण्यात चुकू शकतो.

पिशवी घरी आल्यावर

गावातल्या दुकानातून तासाभरात आणलेली पिशवी आणि मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेली पिशवी, यांना एकच रीत लावू नका. पहिली पिशवी २० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग ॲनिमोन पाण्यासकट बादलीत घ्या आणि हवेच्या बारीक नळीने सेकंदाला दोन-तीन थेंब टँकचं पाणी सोडा. पाणी तिप्पट झालं की पुरे, तासभर लागतो. दुसऱ्या पिशवीत रात्रभरात अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तिथे लांबण लावू नका. तापमान बंद पिशवीतच जुळवा, उघडल्यावर लगेच सॅलिनिटी (खारटपणा) मोजा, तेवढ्याच सॅलिनिटीचं स्वच्छ पाणी भांड्यात तयार करून ॲनिमोन त्यात घ्या आणि मग त्यात टँकचं पाणी थेंबाथेंबाने सोडा.

उचलताना जाळी वापरू नका, टेंटॅकल अडकून तुटतात. नायट्राइलचे हातमोजे घाला, पाण्याखालीच वाडग्यात घ्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका.

बबल टिपसाठी प्लास्टिकची जाळीदार टोपली घ्या. तळाशी खडकाचे तीन-चार तुकडे ठेवा आणि टोपली मध्यम प्रवाहाच्या जागी दोन खडकांत अडकवा. एक ते तीन दिवसांत पाय तुकड्याला धरतो, मग तुकडाच उचलून फटीजवळ ठेवा. टोपलीशिवाय सोडणार असाल तर वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंखा) दोन तास बंद करा, रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत आणणारा) चालू राहू द्या. आणि काहीही झालं तरी वेव्हमेकरच्या तोंडाला स्पंज बांधा. बबल टिप रात्री चालतो, आणि सकाळी पंखात चिरलेला सापडतो. पहिल्याच आठवड्यात हे सगळ्यात जास्त घडतं.

कार्पेटला टोपली चालत नाही. वाळूत काचेपर्यंत खळगा करा, पाय त्यात टेकवा, भोवती वाळू सैल लोटा आणि कडेला दोन चपटे दगड ठेवा, म्हणजे प्रवाह त्याला उपटणार नाही. इथे प्रवाह दोन तास बंद ठेवावाच लागतो. एकदा रुजला की तो सहसा हलत नाही. दोन-तीन दिवसांनीही पृष्ठभागावर तरंगत असेल तर पाय जखमी आहे असं धरा. पुन्हा पुन्हा दाबून बसवू नका.

दिवे दोघांसाठीही ४० टक्क्यांवर सुरू करा आणि दर तीन-चार दिवसांनी १० टक्के वाढवा. बबल टिप वर काचेवर चढला तर उजेड कमी पडतो आहे. खडकामागे दडला तर उजेड किंवा प्रवाह जास्त आहे. दिवसातून एकदा आकसून तपकिरी दोरे टाकणं हे साधं पोट साफ करणं आहे, घाबरू नका.

पहिला आठवडा काही खायला देऊ नका. नंतर बबल टिपला आठवड्यातून एकदा वाटाण्याएवढी धुतलेली कोळंबी, कार्पेटला त्याहून थोडी मोठी. टाकून दिलेला घास लगेच काढा.

उन्हाळा आणि लाइट

मे महिन्यात बडोद्यात पाणी सहज ३० अंशांच्या वर जातं. कोरड्या हवेत साधा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण पाणीही तेवढंच उडतं. रोज मीठ न घातलेलं आरओ पाणी टाका, नाहीतर सॅलिनिटी चढते. पावसाळ्याच्या दमट हवेत पंखा फारसा उपयोगाचा नाही. मोठ्या, जास्त उजेडाच्या कार्पेट टँकला म्हणूनच चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) धरून चाला. बबल टिपला पंख्यावर भागवणारे बरेच आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा अनेक भागांत लाइट गेली होती. अशा वेळी बॅटरीवर चालणारा एअर पंप दोन्ही टँकना वाचवतो, फक्त कार्पेटला दोन लागतील.

तोंड उघडं पडून आतली बाजू बाहेर आली, पकड सुटली आणि पाण्याला कुजका वास आला, तर तो गेलेला आहे. १५० लिटरच्या टँकमध्ये मेलेला बबल टिप माशांनाही घेऊन जातो, कार्पेट तर आणखी लवकर. वाडग्याने अलगद बाहेर काढा, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जोरात चालवा, नवा कार्बन (घाण शोषणारा कोळसा) घाला आणि त्याच रात्री ३० टक्के पाणी बदला. त्यासाठी मिसळलेलं ४५ लिटर पाणी ॲनिमोन घरी आणायच्या आदल्या दिवशीच झाकून तयार ठेवा.