शॉर्टफिल्मचा वेळ कशाला द्यावा: लाइटला की एडिटला?

कॉलेजातल्या एका ज्युनिअरला हा प्रश्न पडलाय.

खर्च दोन्हीकडे जेमतेम. खिडकीचा उजेड आणि तो चेहऱ्यावर परतवायला थर्माकोलची शीट पुरते. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची एक आवृत्ती मोफतच आहे. खरा फरक चूक सुधारण्यात आहे. अर्धा चेहरा अंधारात ठेवला की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. पण काळीठिक्कर सावली नंतर उजळायला गेलात तर नुसता नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके दिसतात. कट मात्र हवा तितक्यांदा बदला. आणि अर्थही कटमधूनच बदलतो: रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हच्या प्रयोगात चेहरा तोच निर्विकार. त्याला जोडून सूपचा शॉट आला की त्यावर भूक दिसते, शवपेटीचा आला की दुःख.

एका खोलीत, एकाच पात्राची गोष्ट असेल तर लाइटला वेळ द्या. नजरानजर, वादावादी असेल तर एडिटला, आणि प्रतिक्रियांचे शॉट जास्तीचे घेऊन ठेवा.