ब्राह्मीच्या कॅप्सूल : पाच महिने घेतल्या, दीड महिना थांबवल्या

माझे वय ५६ आहे. गेली बावीस वर्षे मी सांगलीत घरबसल्या मुद्रितशोधनाचे काम करते. माझ्या आईला सत्तरीनंतर स्मृतिभ्रंश झाला, आणि तिच्या आजाराची पहिली लक्षणे आम्हा भावंडांपैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. म्हणून दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या माणसांची नावे ओठांवर येऊन अडकू लागली आणि एकाच परिच्छेदावर मी तीन तीनदा परत जाऊ लागले, तेव्हा मला मनापासून भीती वाटली. ज्यांना अशीच भीती वाटते आणि जे औषधाच्या दुकानात स्मृतिवर्धक गोळ्यांच्या फळीसमोर उभे आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी सांगायची गोष्ट ब्राह्मीची नाही. माझ्या डॉक्टरांनी कोणतीही गोळी लिहून देण्यापूर्वी रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितले. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि माझ्या आहारात दूधही बेताचेच असते. बी-१२ चा आकडा १६८ आला, म्हणजे प्रयोगशाळेच्या किमान मर्यादेच्याही खाली. आधी इंजेक्शने आणि नंतर गोळ्या घेतल्यावर तीन महिन्यांत पायांच्या तळव्यांना येणाऱ्या मुंग्या थांबल्या, दुपारची मरगळ गेली आणि नावे अडकण्याचे प्रमाण मला स्वतःला जाणवेल इतके कमी झाले. पुढे ब्राह्मीमुळे झालेला बदल यापेक्षा बराच लहान आहे. शाकाहारी असलेल्या, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेत आलेल्या व्यक्तीने ही तपासणी न करता स्मरणशक्तीची कॅप्सूल विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

बी-१२ सुधारल्यानंतरही वाचनातील एकाग्रता पूर्वीसारखी वाटेना, म्हणून मी ब्राह्मीकडे वळले. सुरुवातीला रोपवाटिकेतून ब्राह्मी म्हणून एक कुंडी आणली आणि रोज चार पाने चावून खाऊ लागले. आमच्या परिचयातील वैद्यांनी ती कुंडी पाहून सांगितले, की ही मंडूकपर्णी आहे, कोकणात जिला कारिवणा म्हणतात ती. तिचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि कातरलेल्या कडांचे असते. खरी ब्राह्मी ओलसर, दलदलीच्या जागी जमिनीलगत पसरते. तिची पाने लहान, जाडसर, रसाळ आणि टोकाकडे रुंद होत गेलेली असतात आणि फुले फिकट निळसर किंवा पांढरी असतात. दोन्ही वनस्पतींना अनेक ठिकाणी एकच नाव दिले जाते, त्यामुळे डब्यावर केवळ ‘ब्राह्मी’ एवढेच छापलेले असेल तर आत नेमके काय आहे हे कळत नाही. बॅकोपा मोनिएरी हे शास्त्रीय नाव छापलेले आहे का, हे पाहूनच खरेदी करावी.

मंडूकपर्णी कमी प्रतीची आहे, असा याचा अर्थ नाही. चरकसंहितेत बुद्धीसाठीची म्हणून जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क येतो, आणि शंखपुष्पी त्यांत विशेष मेध्य मानली आहे. आज ज्या ब्राह्मीच्या कॅप्सूल सर्वाधिक विकल्या जातात, तिचे नाव त्या चौघांत नाही. तिचे घृत त्याच ग्रंथात अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या चिकित्सेत येते. शंखपुष्पीच्या बाबतीतही नावाचा असाच गोंधळ आहे, कारण त्या नावाखाली विष्णुक्रांताही विकली जाते आणि केरळात गोकर्णीलाही तेच नाव आहे. शंखपुष्पीचे सरबत मी एक बाटली आणले होते, पण त्यातील साखरेचे प्रमाण पाहून ते बंद केले.

शेवटी मी ब्राह्मीच्या प्रमाणित अर्काची कॅप्सूल निवडली. एका कॅप्सूलमध्ये ३०० मिलिग्रॅम अर्क आणि त्यात बॅकोसाइडचे प्रमाण ४५ टक्के, असे तिच्या वेष्टनावर छापलेले आहे. बॅकोसाइड हे ब्राह्मीतील मुख्य क्रियाशील घटक मानले जातात आणि त्यांवरचे बरेच मूलभूत काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत झाले आहे. ३०० मिलिग्रॅमची मात्रा मी मुद्दाम निवडली, कारण परदेशांतील ज्या चाचण्यांविषयी मी वाचले त्यांत हीच मात्रा होती. मेलबर्न येथे ४६ निरोगी व्यक्तींवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिकण्याचा वेग आणि माहिती टिकवण्याची क्षमता यांत जो फरक दिसला, तो पाचव्या आठवड्यात नव्हे तर बाराव्या आठवड्यात ठळक झाला. अमेरिकेतील पोर्टलंड येथे ६५ वर्षांवरील व्यक्तींवर झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत, ऐकलेले शब्द काही वेळाने आठवण्यात सुधारणा आढळली. थायलंडच्या संशोधकांनी २०१४ मध्ये नऊ चाचण्यांचा, म्हणजे ५१८ व्यक्तींचा, एकत्रित आढावा घेतला तेव्हा मुख्यतः अवधानाचा वेग वाढल्याचे दिसले. या सर्व चाचण्या लहान आहेत, आणि स्मृतिभ्रंश टळतो असे त्यांपैकी एकीनेही सिद्ध केलेले नाही. तरीही तीन महिन्यांच्या आत कोणताही निष्कर्ष काढायचा नाही, एवढे मी त्यांवरून ठरवले.

‘बरे वाटते’ या भावनेवर विसंबायचे नसल्यामुळे मी मोजणीची सोय आधीच केली. शेजारच्या महाविद्यालयीन मुलीने शब्दकोशातून कोठूनही उचललेले पंधरा पंधरा शब्द लिहून बत्तीस पाकिटे बंद करून दिली. दर रविवारी सकाळी ती एक पाकीट उघडून शब्द दोनदा वाचून दाखवीत असे. त्यानंतर अर्धा तास मी स्वयंपाकघरात आणि माझे यजमान बागेत काम करीत असू आणि मग दोघेही आठवतील ते शब्द वेगवेगळ्या कागदांवर लिहून काढीत असू. यजमानांनी कॅप्सूल घ्यायची नाही, असे ठरले होते. दर आठवड्याला तीच कसोटी दिली तर केवळ सरावानेही गुण वाढतात, आणि तो सरावाचा भाग वेगळा काढण्यासाठी कोणीतरी औषधाविना सोबत असणे आवश्यक होते. कॅप्सूल सुरू करण्यापूर्वीच्या सहा रविवारांत माझी सरासरी ७.२ शब्द आणि त्यांची ७.८ शब्द होती.

पहिल्या चार आठवड्यांत काहीच घडले नाही. घडले ते पोटात. सकाळी रिकाम्या पोटी कॅप्सूल घेतल्यावर पोटात मुरडा येऊन दोन-तीनदा शौचास जावे लागले आणि मळमळही झाली. ब्राह्मीतील हे घटक सॅपोनिन वर्गातील, म्हणजे रिठ्यातील फेसाळ द्रव्यांच्या जातकुळीतील आहेत, त्यामुळे पोटाच्या तक्रारी हा तिचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम आहे. वैद्यांच्या सल्ल्याने मी ती जेवणानंतर, वरणभातावर चमचाभर तूप घेऊन, घेऊ लागले आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्रास थांबला. दुपारच्या जेवणानंतर घेतल्यास तासाभरात जडपणा येऊन मुद्रितांवर नजर ठरत नसे, म्हणून पुढे ती रात्रीच्या जेवणानंतर घेतली. हा जडपणा प्रत्येकाला येईलच असे नाही, परंतु वाहन चालवणाऱ्यांनी पहिले काही दिवस तरी रात्रीचीच वेळ ठेवावी.

आठव्या आठवड्यानंतर कागदावरील आकडे हलू लागले. नवव्या ते बाराव्या आठवड्यांत माझी सरासरी ८.९ आणि यजमानांची ८.६ झाली. तेराव्या ते विसाव्या आठवड्यांत माझी ९.४ आणि त्यांची ८.७ झाली. म्हणजे माझ्या आकड्यात २.२ शब्दांची भर पडली, आणि काहीही न घेता यजमानांच्या आकड्यात ०.९ ची. सरावाचा वाटा वजा केला तर माझ्याकडे पंधरांपैकी साधारण सव्वा शब्द उरतो. त्या सव्वा शब्दात माझ्या अपेक्षेचा, त्या महिन्यांतील बऱ्या झोपेचा आणि निव्वळ योगायोगाचा भाग किती, हे दोन माणसांच्या नोंदीवरून ठरवता येत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही बदलाचा काळ त्या चाचण्यांतील बारा आठवड्यांशी जुळला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रोजच्या व्यवहारात हा फरक एवढाच जाणवला, की बाजारात जाताना यादी घरी राहिली तरी बहुतेक जिन्नस आठवत, आणि दूरध्वनीवर सांगितलेला निरोप लिहून घेईपर्यंत डोक्यात टिकत असे.

माझ्या व्यवसायासाठी जी गोष्ट मला खरोखर हवी होती, तिच्यात मात्र सुधारणा झाली नाही. सोळा पानी फर्म्याच्या पहिल्या मुद्रितात माझ्या नजरेतून निसटलेल्या आणि दुसऱ्या वाचकाला सापडलेल्या चुकांची नोंद मी अनेक वर्षे ठेवते. कॅप्सूलपूर्वी ती सरासरी नऊ होती आणि पाच महिन्यांनंतर आठ, आणि असा एखाद्या चुकीचा फरक एरवीही पडतच असतो. याच वहीत झोपेचे तासही लिहिलेले असल्यामुळे दुसरी गोष्ट स्पष्ट दिसली. पाच तासांहून कमी झोप झालेल्या रात्रींनंतर हाच आकडा तेरापर्यंत जातो आणि सात तासांच्या झोपेनंतर सहा-सातवर येतो. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांवर बारीक नजर ठेवण्याच्या कामात झोपेने जे दिले ते कॅप्सूलने दिले नाही. म्हणून परीक्षेच्या तोंडावर मुलांची झोप मोडून त्यांना स्मरणशक्तीची औषधे देणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी आधी झोपेचा विचार करावा.

आता आईविषयी, कारण अशा औषधांची सर्वाधिक खरेदी आजारी आईवडिलांसाठीच होते. माझ्या धाकट्या भावाने प्रेमापोटी आईसाठी गिंको (एका चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क) आणि ब्राह्मी यांचे मिश्रण असलेल्या गोळ्या मागवल्या होत्या. आई स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल हे औषध आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी अ‍ॅस्पिरिन घेत होती. डॉक्टरांनी त्या गोळ्या तत्काळ बंद करायला लावल्या. गिंकोमुळे अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. ब्राह्मीचा परिणाम मेंदूतील ज्या रसायनावर होतो असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसते, त्याच रसायनावर डोनेपेझिलही काम करते, त्यामुळे नाडी मंद होण्यासारखे त्रास वाढण्याची शक्यता असते. शिवाय गिंको स्मृतिभ्रंश रोखते ही आशाही फोल ठरली आहे. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अनेक वर्षे चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही. आईच्या बाबतीत आम्ही खरी चूक केली ती वेगळीच होती. तिला दहा वर्षे कमी ऐकू येत होते आणि श्रवणयंत्र आम्ही लांबणीवर टाकत राहिलो. टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाचा वाटा मोठा आहे, हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले.

मिश्रणांपासून मी दूरच राहते. ‘बारा वनौषधींयुक्त’ अशा एका स्मृतिवर्धक चूर्णात वेखंडही होते. बाळगुटीत उगाळतात म्हणून वेखंड आपल्याला निरुपद्रवी वाटते, पण त्यातील असारोन या घटकामुळे अमेरिकेत ते अन्नपदार्थांत वापरण्यास १९६८ पासून बंदी आहे. शिसे आणि पारा यांचीही काळजी घ्यावी लागते, कारण बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. माझ्या कॅप्सूलच्या उत्पादकाकडे मी त्या उत्पादन-गटाच्या (बॅचच्या) तपासणीचे प्रमाणपत्र मागितले. दोन स्मरणपत्रांनंतर ते मिळाले, पण त्यात धातूंचे आकडे होते आणि बॅकोसाइडचे नव्हते, ही या उत्पादनाविषयी माझी मुख्य तक्रार आहे. साठ कॅप्सूलची बाटली ४८० रुपयांना मिळते, म्हणजे रोजचे आठ रुपये होतात.

विसाव्या आठवड्यानंतर मी कॅप्सूल पूर्ण थांबवली आणि सहा रविवार कसोटी चालू ठेवली. माझी सरासरी ९.१ वर राहिली आणि यजमानांची ८.८ वर. आकडा किंचित उतरला, पण कोसळला नाही, आणि थांबवल्यावर अस्वस्थता, झोपमोड असे काही झाले नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी, दमा किंवा मंद नाडी असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही सुरू करू नये.

तिसऱ्या बाटलीत चाळीस कॅप्सूल उरल्या आहेत. यजमानांनी डॉक्टरांना विचारून घेतले आहे आणि आणखी एक बाटली मागवली आहे. येत्या रविवारपासून बारा आठवडे त्या ते घेतील आणि मी घेणार नाही. शेजारच्या मुलीने नवी पाकिटे तयार करून दिली आहेत.