ओम्नीचा बेल्ट आणि शंभर फुटीवरचं दुकान

माझी मारुती ओम्नी व्हॅन 2008 ची. मागच्या सीटा काढून टाकल्यात, तिथं भडंगाचे खोके बसतात. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ अशी लाइन आहे आणि गाडी मीच चालवते. हे आधी सांगते, कारण पार्टच्या दुकानात बाईमाणूस उभं राहिलं की काउंटरवरचा पोरगा तिच्या मागून कोण येतंय ते बघत बसतो.

गेल्या पावसाळ्यात इंजिनाचा बेल्ट ओरडायला लागला. सकाळी गाडी चालू केली की गल्लीतली कुत्री उठायची. मिनिटभरानं गप्प. पाऊस असला की जास्त, हेडलाइट लावले की त्याहून जास्त. गॅरेजमधल्या पोरानं एकदा पावडर मारली, एकदा साबणाची वडी घासली. दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी एका दुकानातनं (कुठलं ते जाऊ दे) "ओम्नीचा फॅन बेल्ट" म्हणून 120 रुपयांचा बेल्ट आणला आणि बसवून घेतला. त्यानं नंबर विचारला नाही, मीही सांगितला नाही.

फॅन बेल्ट हे नुसतं नाव. ओम्नीत रेडिएटरच्या फॅनला स्वतःची मोटर असते. बेल्ट फिरवतो तो अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) आणि पाण्याचा पंप. म्हणजे बेल्ट घसरला की चार्जिंग गेलं आणि इंजिनातलं पाणीही फिरायचं थांबलं. हे मला कवलापूरच्या अलीकडं कळलं. बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ टेंपरेचरचा काटा वर. मागं तासगावच्या तीन दुकानांचा माल. सीट उचलली (इंजिन आपल्या बुडाखालीच, तेवढं एक सुख), तर बेल्ट तुटला नव्हता. जागेवर होता, पण पुलीच्या (बेल्ट ज्या चाकावर फिरतो त्याच्या) खाचेत खाली रुतलेला, आणि जळक्या रबराचा वास.

मग शेजारच्या टेंपोवाल्यानं सांगलीतल्या शंभर फुटी रोडवरच्या एका जुन्या दुकानाचा पत्ता दिला. पाटी पुसट झालीय, आत दोन माणसांपुरती जागा, भिंतीवर खिळ्यांना बेल्टच बेल्ट टांगलेले. मालक सत्तरीचे असतील. मी जुना बेल्ट पुढं केला. त्यांनी तो आधी उलटा वाकवून बघितला, मग व्हर्नियर (रुंदी मोजायचं माप) लावला, आणि विचारलं, "ताई, पुलीची खाच बघितलीय का? चकाकी बाजूंना हाय का तळाला?"

तळाला. आरशासारखी. ते मी बघितलं होतं.

"मग हा रुंदीला बारीक हाय. हा व्ही बेल्ट, खाली निमुळता. बाजूंनी धरतो, तळाला टेकला की घसरणारच." बेल्टची पाठ पुलीच्या काठाला जवळपास लागून बसली पाहिजे, हे त्यांनी काउंटरवरच एक सुटी पुली घेऊन दाखवलं. योग्य बेल्ट खाचेत ठेवला, वरून बोट फिरवायला लावलं. मग माझा ठेवला, तर बोट खड्ड्यात गेलं. एवढं मला पंधरा वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. दुसरा प्रश्न अल्टरनेटरच्या ताणपट्टीचा. तिच्या लांबट खाचेत बोल्ट कुठं आलाय? पार टोकाला. म्हणजे बेल्ट लांबीलाही जास्त, आणि सैल पडला तर पुढं ताणायला जागाच नाही.

त्यांचं म्हणणं, गाडीचं नाव सांगून बेल्ट मागू नये, आकडा सांगावा. बेल्टच्या पाठीवर 10 आणि 900 असं काही छापलेलं असेल तर 10 मिलिमीटर वरची रुंदी आणि 900 लांबी. नव्या गाड्यांत उभ्या रेघांचा चपटा बेल्ट असतो, त्यावर 4पीके असं असेल तर चार रेघा आणि पुढचा आकडा लांबीचा. माझ्या गाडीचा आकडा इथं मुद्दाम लिहीत नाही. एसीवाली आणि बिनएसीची यात फरक पडतो, शिवाय जुन्या गाडीत कुणी काय बदलून ठेवलंय कुणाला माहीत.

त्यांनी फेनर कंपनीचा आणि नागपूरच्या पिक्स कंपनीचा, असे दोन समोर ठेवले. मी फेनरचा घेतला, 260 रुपये. आतून दातेरी आहे. हे दात लहान पुलीवर बेल्ट नीट वाकावा आणि कमी तापावा म्हणून असतात. टायमिंग बेल्टचे (इंजिनातल्या झडपांची वेळ सांभाळतो त्याचे) दात वेगळे, ते पुलीच्या दातांत अडकतात. टायमिंग बेल्ट झाकणाच्या आत असतो आणि ओरडून इशारा देत नाही, त्यामुळं तो किलोमीटर मोजूनच बदलायचा. तोही माझा राहिलाय, दिवाळीनंतर बघू म्हणता म्हणता.

बसवताना गॅरेजवाल्यानं सवयीनं टॉमी (लोखंडी दांडा) घालून बेल्ट तारेसारखा ताणला. दुकानदारांनी बजावून पाठवलं होतं, म्हणून मी अडवलं. जास्त ताणला की आवाज जातो, पण अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग जातं. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबला तर अर्ध्या इंचाच्या आत दबावा, इतपत ठेवला. "वैनी, तुमीच करा की," म्हणाला, पण सैल केला. तीन-चारशे किलोमीटरनंतर परत एकदा थोडा ताणून घेतला, नवा बेल्ट सुरुवातीला जरा सैलावतोच. त्यानंतर सात हजार किलोमीटर झाले, दोन मोठे पाऊस झाले, आवाज नाही. कुत्री झोपलेली.

दुकानाबद्दल तक्रारी आहेत. दुपारी एक ते चार बंद, फोन केला तर उचलत नाहीत. फक्त रोख. एकदा गाडीवर चढवलेला बेल्ट परत घेत नाहीत. बोलायला लागले की मागं चार गिऱ्हाइकं तिष्ठत उभी राहतात, त्यामुळं घाईच्या दिवशी जाऊ नका. आणि जुना बेल्ट काढून सोबत न्या, नाहीतर सरळ परत पाठवतात. मला दुसऱ्यांदा गेले तेव्हा पाठवलंच.

ते दुसऱ्यांदा जाणं जादा बेल्टसाठी होतं. तो आता मागच्या दाराजवळ, दोन पान्यांसोबत पिशवीत आहे. आधी सीटखाली ठेवणार होते, पण तिथं इंजिनाची धग लागून न वापरताच कडक होईल, असं दुकानदार म्हणाले.