भातसा नदी ते सोसायटीची टाकी: मुंबईच्या पाण्याचं परीक्षण

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांत मिळून सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं. त्यातलं 7 लाख 17 हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास निम्मं, एकट्या भातसा धरणाचं. शहापूर तालुक्यातल्या या नदीचं पाणी मुंबईकरांच्या स्वयंपाकघरात कसं पोहोचतं आणि पोहोचेपर्यंत किती शुद्ध राहतं, हे या परीक्षणात पाहू. घरगुती पाणीपट्टी हजार लिटरमागे दहा रुपयेही नाही (मलनिःसारणाचा आकार वेगळा). या दरात मिळणारी सेवा शुद्धीकरण केंद्रापर्यंत उत्तम आहे. शेवटच्या शंभर मीटरला मात्र ती हमखास मार खाते आणि तिथली बरीचशी जबाबदारी आपल्याच सोसायटीची असते.

धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातूनच खाली येतं आणि भिवंडी तालुक्यात पिसे इथल्या बंधाऱ्याला अडतं. तिथून पंपांनी उचलून ते जवळच्या पांजरापूर शुद्धीकरण केंद्रात नेलं जातं. तानसा-वैतरणेचं पाणी बरंचसं उताराने येतं, भातसाचं मात्र उपसावं लागतं. त्यामुळे पिसे इथली वीज गेली की मुंबईचे नळ मंदावतात. बंधाऱ्याचे दरवाजे हवा भरलेल्या रबरी ब्लॅडरवर उभे असतात. मार्च 2024 मध्ये त्यातला एक ब्लॅडर गळला, पाण्याची पातळी उतरली आणि शहरात 15 टक्के कपात करावी लागली. निम्म्या शहराचं पाणी एकाच उपशावर अवलंबून असणं, हा या व्यवस्थेचा मोठा कच्चा दुवा आहे.

शुद्धीकरणाला मात्र नावं ठेवायला जागा नाही. पावसाळ्यात नदी तांबडा गाळ घेऊन येते. त्यात तुरटी किंवा पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड मिसळलं की बारीक कण एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी वाळूच्या गाळण्यांतून जातं आणि शेवटी क्लोरीन दिला जातो. गाळ नीट बसणं सर्वांत महत्त्वाचं, कारण गढूळ पाण्यातले जंतू कणांच्या आड लपतात आणि क्लोरीनही त्या गाळावरच खर्ची पडतो. भारतीय मानकानुसार गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा आणि नळाशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक असावा. हा शिल्लक क्लोरीनच आपल्या तपासणीचा धागा आहे.

पाणी बिघडतं ते पुढे. मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरलेल्या काही तासांपुरतंच येतं. उरलेल्या वेळात जलवाहिनीत दाब नसतो. जोडणी गटारातून किंवा गटाराशेजारून गेलेली असेल आणि जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजला असेल, तर बाहेरची घाण त्या छिद्रांतून आत शिरते. कुणी वाहिनीला थेट मोटर लावली असेल तर ही घाण आत शोषून घेतली जाते. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली धार सर्वांत वाईट असते. पहिली दहा मिनिटं पिण्यासाठी भरू नका, ते पाणी झाडांना, लादीला वापरा.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडिन (ओटी) द्रावणाची छोटी बाटली आणि खुणांची नळी पुरते. चार ठिकाणचं पाणी घ्या: मीटरजवळचा नळ, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि स्वयंपाकघर. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात किटवर दिलेले थेंब, आणि रंग लगेच पाहायचा. पिवळा झाला तर क्लोरीन आहे. उशिरा गडद होणारा रंग मोजू नका, त्यात अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही दिसतो आणि जंतू मारायला तो फार कमी उपयोगी. ओटी विषारी आहे, तपासलेलं पाणी मोरीत ओता आणि हात धुवा. थोडे जास्त पैसे खर्च करायची तयारी असेल तर डीपीडी या क्लोरीन तपासायच्याच दुसऱ्या रसायनाच्या गोळ्यांचं किट घ्या, ते जास्त भरवशाचं.

मीटरजवळ रंग आला आणि घरात आला नाही, तर दोष टाकीचा किंवा इमारतीतल्या पाइपांचा. मीटरजवळच रंग नसेल आणि शेजारच्या इमारतीत असेल, तर तुमच्या जोडणीत गळती असण्याची शक्यता मोठी. तिची देखभाल ग्राहकाकडे असते, परवानाधारक प्लंबरकडून ती बदलून घ्या. संपूर्ण गल्लीत रंग नसेल तर मामला पालिकेचा.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण एकदा वाकून बघाच. अनेक इमारतींत ते पार्किंगच्या लादीच्या बरोबरीने बसवलेलं असतं. गाडी धुतली की फेसाळ पाणी झाकणाच्या कडेशी साचतं आणि फटीतून टाकीत उतरतं. उपाय फार महागाचा नाही: तोंडाभोवती सहा इंचांचा कठडा, वर पूर्ण झाकणारं लोखंडी झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी.

टाकी वर्षातून दोनदा धुवा, त्यातली एक वेळ पावसाळ्याआधीची. गाळ काढून भिंती घासून झाल्या की टाकी भरा आणि दर हजार लिटरला सुमारे 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर (33 टक्के क्लोरीनची) द्या. पावडर आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि फक्त निवळी ओता. चार तासांनी सगळं पाणी सोडून द्या. ते पिण्याच्या पाण्यात मिसळता कामा नये. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते, ताजी सीलबंदच आणा. टाकीत एकटा माणूस कधीही उतरवू नका. आधी झाकण तासभर उघडं ठेवा आणि वर दुसरा माणूस उभा हवा.

आरओ यंत्राबद्दल स्पष्टच सांगतो: या पाण्यासाठी ते नको. धरणाच्या या पाण्यात मुळातच क्षार कमी असतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये पाण्यातले विरघळलेले क्षार (टीडीएस) लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करण्याचे निर्देश दिले होते. शिवाय यंत्र बरंच पाणी मोरीत सोडतं. पावसाळ्यात गाळून उकळणं पुरेसं आहे, उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवलं की झालं.

एका गोष्टीसाठी गुण कापावेच लागतील. धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहराची तहान भागवणाऱ्या योजनेत उगमाकडच्या माणसांचा वाटा आधी ठरायला हवा होता.

पालिकेकडे तक्रार 1916 वर करता येते. नुसतं ‘पाणी खराब येतंय’ म्हणू नका. पाणी कधी सुटतं, वास पहिल्या धारेलाच येतो की शेवटपर्यंत, मीटरजवळ क्लोरीन किती निघाला, शेजारच्या किती इमारतींत तसंच आहे, हे सांगा आणि मीटरजवळचा नमुना प्रयोगशाळेत तपासायची मागणी करा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.