अंदमानची हट की लक्षद्वीपचा टेंट? नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

बीचवर बांबूची हट, बाजूला चिटपाखरू नाही, एसी नको टीव्ही नको, असं काहीतरी डोक्यात आहे आणि अंदमान की लक्षद्वीप यात गाडी अडकलीय ना? मग आधी हटचे फोटो बघणं बंद करा. फोटोत सगळ्याच सारख्या दिसतात. खरा फरक दोन गोष्टींत आहे, तिथे पोचायला काय काय करावं लागतं आणि दारासमोरच्या पाण्यात दिवसभर उतरता येतं की नाही.

पोचायचं म्हणाल तर ओझरहून दोन्हीकडे थेट विमान नाही, म्हणजे रात्री कसारा घाट उतरून मुंबई एअरपोर्ट आलंच. अंदमानला पोर्ट ब्लेअरला उतरायचं (२०२४ पासून श्री विजयपुरम, पण बोलताना सगळे जुनंच नाव घेतात) आणि तिथून प्रायव्हेट फेरीने दीडेक तासात हॅवलॉक, सरकारी बोट घेतली तर अडीच तासांच्या आसपास. लक्षद्वीपला कोचीवरून छोट्या विमानाने अगत्ती आणि पुढे बोटीने बंगाराम किंवा थिन्नाकारा, नाहीतर कोचीहून जहाज, ते १४ ते १८ तास घेतं. नाशिकरोडला थांबणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस एर्नाकुलमपर्यंत नेते, सुट्टी भरपूर असेल तर कोकण रेल्वेची मजा घेत जा, नाहीतर विमानच बरं.

आता कागद. हॅवलॉक आणि शेजारचं नील या बेटांना भारतीयांना परमिट लागत नाही, बॅग भरली की निघा. लक्षद्वीपला मात्र आपल्याला पण एन्ट्री परमिट लागतं आणि त्यासाठी पोलीस व्हेरिफिकेशनचा दाखला. टूरवाले बहुतेक करून देतात, पण तुमचा "पुढच्या शुक्रवारी निघू" टाइप स्वभाव असेल तर लक्षद्वीप विसरा, निदान दीड-दोन महिने आधी हलायला हवं. विमानाच्या सीटा पण मोजक्याच असतात.

पण हे सगळं सहन का करायचं, तर पाण्यासाठी. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची, बाहेरच्या कोरलच्या कड्यावर लाटा फुटतात आणि आत लगूनमध्ये पाणी शांत पडलेलं असतं, उथळ आणि इतकं स्वच्छ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची नखं दिसतात. ज्याला पोहता येत नाही, फारतर गंगापूर धरणावर पाय भिजवून आलाय, त्याच्यासाठी यापेक्षा चांगली जागा आपल्या देशात नाही असं माझं मत आहे. हॅवलॉकचं तसं नाही. बऱ्याचशा हट पूर्वेच्या बाजूला, गोविंदनगर-विजयनगरच्या किनाऱ्याला आहेत आणि तिथे ओहोटीला पाणी खूप लांब आत जातं, समोर नुसते खडक, मेलेलं कोरल आणि चिखलट वाळू उरते, फोटोतला निळा समुद्र गायब. अमावस्या-पौर्णिमेला तर जास्तच. बुकिंगच्या आधी भरती-ओहोटीचं टेबल बघणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय आणि नंतर वैतागलेले ढीगभर. राधानगर बीच पश्चिमेला आहे, तिथे पोहायला मस्त, पण हटपासून रिक्षा किंवा स्कूटी करून जावं लागतं आणि मगरीचा बोर्ड दिसला की त्या टोकाला जायचं नाही, तो बोर्ड शोभेसाठी लावलेला नसतो.

नील हॅवलॉकपेक्षा लहान, सपाट, सायकलवर फिरता येतं, भाजीची शेतं आहेत त्यामुळे व्हेज खाणाऱ्यांचे हाल होत नाहीत. दोन्ही बेटांवर मूळ पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं बरीच, म्हणून मासे-भात सगळीकडे. लक्षद्वीपला टूना आणि नारळ यावर प्रेम हवं, सासूबाई शाकाहारी असतील तर चिवडा, थेपले, लोणचं घेऊनच जा. आणि हो, वाईन कॅपिटलवाल्यांनो, तिथे दारूबंदी आहे, सूट फक्त बंगारामला.

राहायची सोय म्हणाल तर हॅवलॉक-नीलच्या स्वस्त हट म्हणजे बांबूची चटई, पानाचं छप्पर, मच्छरदाणी, आणि शेजारचा घोरला तरी ऐकू येतं. लाइट जाते. सँडफ्लाय म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्या डासांपेक्षा वाईट, आठवडाभर खाजवत बसाल, संध्याकाळी वाळूत आडवं पडायचं नाही एवढं केलं तरी बराच त्रास वाचतो. थिन्नाकाराला टेंट आहेत, पण टेंट म्हणून स्वस्त असतील असं समजू नका, सगळं सामान बोटीने येतं, त्याचे पैसे शेवटी आपणच देतो. एकांत मात्र तिथला खरा, बेटावर गाव नाही, दुकान नाही. हॅवलॉकला आता कॅफे, डाइव्ह शॉप, हनीमूनवाल्यांची गर्दी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर विचारू नका.

अंदमानातच खरा एकांत हवा असेल तर लाँग आयलंड, लालाजी बे. पण रंगत गावापर्यंतचा प्रवास, मग बोट, समुद्र खवळला की बोट कॅन्सल. आठ-दहा दिवस हाताशी नसतील तर नाव काढू नका.

सीझन दोन्हीकडे जानेवारी ते मार्च बेस्ट. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला पाऊस गाठू शकतो. अजून एक, अंदमानात डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जेवून साडेचारला बीचवर गेलात तर संपलं, तिथे पहाटे उठणाऱ्याचीच चैन. लक्षद्वीपला सहा वाजून गेल्यावर मावळतो, आपल्या सवयीला ते सोपं जातं.

माझा कौल: पहिल्यांदा जाताय, पाच-सहा दिवस आहेत, बजेट मध्यम, तर नील, आणि हॅवलॉकला फारतर दोन रात्री. लहान मुलं आहेत किंवा पाण्याची भीती आहे आणि आधीपासून प्लॅन करायची तयारी आहे, तर लक्षद्वीप, थोडे जास्त पैसे गेले तरी. अंदमानवाल्यांनी परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच झोपायचं, फेरी आणि फ्लाइट एकाच दिवशी ठेवायची नाही. आणि हट बुक करताना मालकाला ब्रेकफास्टचं विचारण्याआधी हे विचारा की ओहोटीला समोर पोहता येतं का आणि लाइट गेल्यावर जनरेटर रात्री किती वाजेपर्यंत चालू ठेवता.