कास्ट आयर्न बुलेटचा डिकॉम्प्रेसर : काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची 350 बुलेट मी काही महिने रोज वापरत आहे आणि या गाडीतील सर्वांत उपयुक्त भाग कोणता, असे विचारल्यास मी डाव्या हँडलवरची डिकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या यंत्रणेची, छोटी लिव्हर दाखवीन. 70 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 90 मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली जाण्याच्या अंतराच्या) या एकाच सिलिंडरमध्ये पिस्टन दाबाला येऊन अडला असताना जोर लावून किक मारली, तर ती अर्ध्यावर थांबते किंवा उलटी बसते, आणि तो फटका घोट्याच्या चांगलाच लक्षात राहतो.

लिव्हर ओढली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) किंचित उचलला जातो आणि कोंडलेला दाब निसटतो. मात्र ती ओढून धरत किका मारण्यात अर्थ नाही, कारण दाबच नसेल तर इंजिन पेट घेणार कसे? तिचे काम पिस्टन योग्य जागी आणून ठेवण्याचे आहे. दिवे बंद ठेवून चावी फिरवावी, किक हळूहळू दाबत जावे, ती अडली की लिव्हर ओढून अगदी थोडी पुढे न्यावी आणि अँपिअर मीटरकडे पाहावे; डावीकडे कललेला काटा मध्यावर आला, म्हणजे पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारे संपर्कबिंदू) उघडले आणि पिस्टन माथा ओलांडण्याच्या बेतात आला. आता लिव्हर सोडावी, किक पूर्ण वर येऊ द्यावी आणि एकच सलग, खालपर्यंत किक मारावी. ट्यूनिंग ठीक असेल तर ताकदीचा प्रश्नच उरत नाही.

किक नेहमीपेक्षा हलकी लागू लागली तर खूश होऊ नये. लिव्हरच्या केबलला थोडी ढील नसेल, तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर (तो टेकतो त्या कडेवर) पूर्ण बसत नाही, दाब गळतो आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळतो. म्हणून थंड इंजिनावर टॅपेट लावून (व्हॉल्व्ह यंत्रणेतील फट जुळवून) झाले, पुशरॉड (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्या) बोटांनी मोकळे फिरतात पण वर-खाली हलत नाहीत याची खात्री झाली, की लगेच ही ढीलही तपासून घ्यावी. आमच्याकडचे बरेच मेकॅनिक ही शेवटची पायरी गाळतात.

नंतरच्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या) इंजिनात हेच काम कॅमशाफ्टवरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरची) स्वयंचलित यंत्रणा करते. इंजिनाने वेग घेतला की ती आपोआप बाजूला होते. घरात गाडी चालवणारे अनेक असतील, तर निःसंशय या इंजिनाचीच गाडी घ्यावी. एकट्याने वापरायची असेल आणि काट्याकडे पाहण्याइतकी सवड असेल, तर जुन्या लिव्हरबद्दल माझी काहीही तक्रार नाही.